'ग्राफ्टिंग'ला मराठीत काय म्हणावे: कलम की रोपण?

मुडबी हे बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यातले, कलबुर्गीच्या हद्दीजवळचे गाव. इकडे घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि प्रयोगशाळेत इंग्रजी. विज्ञान शाखेतली मराठी मुले 'ग्राफ्टिंग'ची व्याख्या घोकतात. तीच गोष्ट शेतात 'कलम' आणि कन्नडात 'कसी' या नावाने चालते, हे त्यांना कोणी सांगत नाही. मी मराठी शिकवतो, तरी पॉलिमरच्या तंतूंवरील कलमांविषयी लिहितो आहे. इथे शब्द चुकला की समजही चुकते.

पॉलिमर म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून झालेली लांब साखळी. विश्वकोशाने या जोडणीला 'बहुवारिकीकरण' म्हटले. वर्गात मात्र 'पॉलिमर' रुळला, मीही तोच वापरतो. त्याचे दाट द्रावण सुईतून हळूहळू सोडतात आणि सुईला १० ते ३० हजार व्होल्टचा दाब देतात. टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून धार सुटते, वाटेत द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर पांढरी जाळी साचते. अँटोन फॉर्महाल्स यांना १९३४ साली अशा पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले होते. जाळी दिसते जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखी. पण तिचा तंतू आपल्या केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका बारीक असू शकतो.

पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे असे तंतू शरीरात सावकाश विघटित होतात, म्हणून नवी ऊती वाढवण्याच्या आधारजाळीसाठी ते अभ्यासले जातात. अडचण अशी, की त्यांच्यावर पाणी ठरत नाही आणि पेशीही नीट चिकटत नाहीत. आतला तंतू तसाच ठेवून फक्त वरची कातडी बदलायची आहे. बिदरी भांड्यातली चांदीची तार कोरलेल्या खाचेत ठोकून बसवलेली असते. इथे मात्र नवी साखळी रासायनिक बंधानेच तंतूला जोडतात. नुसता लेप धुऊन जाऊ शकतो.

ही जोडणी दोन प्रकारे होते. तयार साखळी आणून तंतूला जोडणे म्हणजे काडी-कलम. यात आधी बसलेल्या साखळ्या नंतरच्यांची वाट अडवतात, त्यामुळे थर विरळ राहतो. दुसऱ्या प्रकारात तंतूवर आधी आरंभक रेणू बसवतात आणि साखळी तिथूनच वाढवतात. मोसंबीला, बोराला डोळा भरतात, तसेच हे. लहान रेणू फटींतूनही पोहोचतात, म्हणून थर दाट होतो. दाट पेरलेल्या ज्वारीसारख्या साखळ्या सरळ उभ्या राहतात. यांना 'काडी-कलम' आणि 'डोळा-कलम' म्हणावे, असे मी सुचवतो. साम्याला मर्यादा आहे: झाडाच्या डोळ्यात पुढच्या फांदीचे बीज असते, आरंभकात फक्त सुरुवात. साखळीचा माल बाहेरच्या द्रावणातून येतो.

'त्वचारोपणा'तला 'रोपण' शब्द वैद्यकात चालतो, पण त्यात लावणे तेवढे दिसते. 'कलम' म्हटले की खुंट आला, आणि प्रयोगात खुंटाचीच काळजी जास्त. तंतू इतके बारीक, की चुकीचा द्रावक घेतला तर जाळीच विरघळते. उष्णता वाढली तर तंतू एकमेकांत वितळून चिकटतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोन तर सुमारे ६० अंश सेल्सिअसलाच वितळते. म्हणून अशा तंतूंवर जिथे जमेल तिथे पाण्यात आणि कमी तापमानावर होणारी अभिक्रिया निवडतात.