मेंदीच्या रात्रीचे फोटो आणि रंगीत दाणे

मेंदीच्या रात्री मंद दिव्यात काढलेल्या फोटोंवर रंगीत दाणे दिसतात. यालाच 'नॉइज' म्हणतात. उजेड कमी, म्हणून आपण आयएसओ ६४०० पर्यंत चढवतो, आणि दाणेही ठळक होतात. 'रॉ' फाइलमध्ये ही सफाई कॅमेरा करत नाही. ती आपल्या हाती राहते.

लाइटरूममध्ये आधी उजेड ठीक करावा, मग फोटो १०० टक्के मोठा करून पाहावा. रंगीत दाण्यांसाठी 'कलर'ची पट्टी २५ च्या आसपास पुरते. करड्या दाण्यांची 'ल्युमिनन्स' पट्टी मात्र हळूहळू सरकवावी. आम्ही एकदा ती फार सरकवली. आजीच्या सुरकुत्या आणि साडीची जर दोन्ही पुसली गेली. आजी ओळखू येईनात!

थोडे दाणे राहू द्यावेत. छापल्यावर ते फारसे दिसत नाहीत. मूळ फाइल जपून ठेवावी. नातवंडांना खरा चेहरा पाहायला मिळेल.