बर्फ, पाऊस व मोटारीचीं चाकें

गेल्या नाताळच्या सुमारास आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानें कॅनडांतील मॉन्ट्रियल शहराहून एक छायाचित्र पाठविलें. घरापुढें गुडघाभर बर्फ पडला आहे, आणि जिला स्पोर्ट्स कार म्हणतात तशी त्याची बुटकी, रुंद चाकांची तांबडी मोटार त्यांत अर्धी बुडाली आहे. सोबत दोन ओळी होत्या: ‘सर, ही गाडी लोणावळ्यास असती तर काय मजा आली असती! येथें मात्र टायर बदलल्यावांचून मार्चपर्यंत ती रस्त्यावर आणतां येत नाहीं.’

तें चित्र वर्गांत दाखवितांच एकानें विचारलें, ‘टायर बदलल्यानें गाडी बर्फावर चालते कशी?’ मागच्या बांकावरून दुसरा म्हणाला, ‘मग आपल्याकडे पावसाळ्यांत टायर कां बदलीत नाहींत?’ पहिल्या प्रश्नापेक्षां हा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला. कारण बर्फ आपल्या मावळांत पडत नाहीं. परंतु चार महिने पाऊस पडतो, आणि त्या पावसांत तुमच्यांपैकीं कित्येकांचे वडील रोज घाट उतरतात व चढतात. त्या दोन्ही प्रश्नांचें उत्तर येथें एकत्र देत आहें.

प्रथम एक लहानसें गणित करूं. साधारण मोटारीचें वजन बाराशें किलोग्रॅम धरा. चाकें चार, म्हणून प्रत्येक चाकावर तीनशें किलोग्रॅम भार आला. टायरांतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २.२ किलोग्रॅम असतो. आतां भागाकार करा. उत्तर येतें १३६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे एवढा मोठा दिसणारा टायर जमिनीस टेकतो तो मोठ्या माणसाच्या तळहाताएवढ्या जागेवर. गाडी, तींतील माणसें व सामान या सर्वांचा रस्त्याशीं जो काय संबंध आहे तो अशा चार तळहातांचा. गाडी पुढें जाते, वळते व थांबते ती या चार तळहातांच्या पकडीवर. ब्रेक कितीही उत्तम असला तरी तो फक्त चाक थांबवितो. गाडी थांबते ती रस्त्याच्या पकडीनें.

या पकडीस पदार्थविज्ञानांत आपण घर्षण म्हणतों. चांगल्या टायरचा घर्षण गुणांक कोरड्या काँक्रीटवर सुमारें ०.७, ओल्या रस्त्यावर ०.४, दाबलेल्या बर्फावर ०.२ आणि पाणी गोठून झालेल्या काचेसारख्या थरावर ०.१ धरतां येतो. त्यावरून हिशेब केला तर ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी ब्रेक दाबल्यापासून सपाट कोरड्या रस्त्यावर २० मीटरांत, ओल्या रस्त्यावर ३५ मीटरांत, बर्फावर ७० मीटरांत व त्या काचेसारख्या थरावर १४० मीटरांत थांबेल. संकट डोळ्यांस दिसल्यावर पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढ्यांत गाडी आणखी १७ मीटर पुढें गेलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला म्हणजे थांबण्याचें अंतर दुप्पट होत नाहीं. तें चौपट होतें. ओल्या रस्त्यावर ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीस ब्रेक दाबल्यावर जवळजवळ शंभर मीटर लागतात. उतार असला तर याहूनही अधिक.

आतां बर्फाच्या टायराकडे वळूं. थंडीच्या दिवसांत खोबरेल बाटलींत थिजतें, हें आपण पाहतों. थंडीचा रबरावर असाच कांहींसा परिणाम होतो. तपमान सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालीं गेलें म्हणजे नेहमींच्या टायराचें रबर कडक होऊं लागतें आणि रस्त्याच्या बारीक खांचखळग्यांत शिरून त्यास धरून ठेवण्याची त्याची शक्ति कमी होते. हिवाळी टायर निराळ्या मिश्रणाच्या रबराचा असतो. तो कडाक्याच्या थंडींतही मऊ राहतो. त्याच्या खांचा खोल असतात व त्यांमधील उंचवट्यांवर शेंकडों बारीक चिरा पाडलेल्या असतात. बर्फ त्या खांचांत भरतो, दाबला जातो आणि रस्त्यावरील बर्फास चिकटतो. मातीचा ओला गोळा दुसऱ्या ओल्या गोळ्यास धरतो, तसाच हा प्रकार आहे. अशा टायरावर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकण अशी खूण असते. मॉन्ट्रियल ज्या क्वेबेक प्रांतांत आहे तेथें १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हिवाळी टायर लावणें कायद्यानें बंधनकारक आहे. ते चारही चाकांस लावावे लागतात. दोनच लावले तर गाडीचें एक टोंक रस्ता धरतें व दुसरें घसरतें.

मग त्या तांबड्या गाडीची अडचण काय? जे गुण कोरड्या रस्त्यावर तिचें भूषण, तेच बर्फांत तिचे दोष ठरतात. रुंद टायर बर्फ कापून खालीं जात नाहीं, वरच राहतो. बुटकेपणामुळें गाडीचें पोट बर्फावर घासतें. यंत्राचा जोर इतका कीं पाय किंचित अधिक दाबला तरी चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. म्हणून तेथील जाणते लोक अशा गाडीस हिवाळ्यांत किंचित अरुंद टायर लावतात, दुसऱ्या गिअरमध्यें हळूच निघतात, आणि वळण येण्यापूर्वीं सरळ रस्त्यावरच वेग कमी करतात. चारही चाकांस यंत्राचा जोर मिळणारी गाडी बर्फांतून सहज निघते हें खरें. परंतु थांबण्याच्या कामीं तो जोर उपयोगी पडत नाहीं. तेथें पुन्हां ते चार तळहातच.

आपल्याकडे हिवाळी टायर लावला तर काय होईल? आपल्या तापलेल्या रस्त्यांवर तें मऊ रबर भराभर झिजेल आणि पैसे व्यर्थ जातील. आपला शत्रु थंडी नव्हे, पाणी होय. आणि पाण्याविरुद्ध आपलें हत्यार म्हणजे टायराच्या खांचा. रस्त्यावर दोन मिलिमीटर पाणी सांचलें आहे व वीस सेंटिमीटर रुंदीचा टायर ताशीं ८० किलोमीटर वेगानें त्यांतून जात आहे असें समजा. त्या एका टायरास दर सेकंदास सुमारें नऊ लिटर पाणी बाजूस सारावें लागतें. तें पाणी खांचांतून निघून जातें. खांचा झिजल्या, हवा कमी असली किंवा वेग फार झाला, म्हणजे पाण्यास वाट मिळत नाहीं. तें टायराच्या खालीं शिरतें, आणि गाडी रस्ता सोडून पाण्यावर तरंगूं लागते. त्या क्षणीं सुकाणूचक्र हातांत एकदम हलकें लागतें. रुंद टायरास पाणीही अधिक सारावें लागतें. म्हणून ती तांबडी गाडी आपल्या पावसांतही जपूनच चालवावी लागली असती.

लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सुमारें पासष्ट किलोमीटरांवरील पुण्यास जेमतेम सातशें पडतो. बोरघाटांतून १८३० सालीं गाडीरस्ता झाला, १८६३ सालीं आगगाडी घाट चढूं लागली, व २००२ सालीं द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. वाहनें बदललीं, पाऊस व उतार तेच आहेत. घाटांत लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका आहे. ओल्या रुळांवर लोखंडी चाकें घसरूं नयेत म्हणून इंजिनांतून चाकांपुढें वाळू सोडण्याची सोय असते. मोटारीजवळ अशी वाळू नाहीं. तिला खांचा आहेत, आणि चालविणाऱ्याचा विवेक आहे.

येथें एक स्वतःची चूक सांगणें मला प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं जूनच्या आरंभीं मी माझी जुनी लहानशी गाडी घेऊन सहकुटुंब खोपोलीच्या बाजूस घाट उतरत होतों. टायर गुळगुळीत झाले होते, हें मला ठाऊक होतें; परंतु मुलांच्या फिया व पुस्तकें यांचा खर्च समोर होता, म्हणून ‘पुढल्या महिन्यांत पाहूं’ असें मीं ठरविलें होतें. पावसाची पहिलीच सर आली. उन्हाळाभर रस्त्यावर सांचलेलें तेल, धूळ व रबराचा चुरा यांचा पाण्याशीं लगदा होतो, आणि म्हणून पहिला पाऊस सर्वांत निसरडा असतो. वळणावर मीं ब्रेक दाबला. चाकें थांबलीं, गाडी थांबली नाहीं. ती आडवी घसरत जाऊन कठड्यास टेकली. कोणास कांहीं लागलें नाहीं. बराच वेळ गाडींत कोणी बोललें नाहीं. मग धाकटी मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुम्हीच तर वर्गांत घर्षण शिकवितां ना?’ या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं टायर घेतले.

म्हणून मुलांनो, तुम्हांस एक काम सांगतों. घरीं मोटार असेल तर एक आगकाडी टायराच्या मधल्या खांचेंत उभी धरा, वरच्या कडेशीं नखानें खूण करा, आणि कंपासपेटींतील पट्टीवर तें अंतर मोजा. नव्या टायराची खांच सुमारें ८ मिलिमीटर खोल असते. मोटारीच्या टायरास कायद्याची शेवटली मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, व खांचेच्या तळाशीं तेवढ्याच उंचीचा लहानसा उंचवटा खुणेसाठीं ठेवलेला असतो. परंतु घाटांतील पावसास तेवढी खोली अपुरी. तीन मिलिमीटर उरले कीं वडिलांस सांगा. टायराच्या बाजूस चार आंकडेही आढळतील. २३१९ असें असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. रबर न वापरतांही वयानें कडक होतें, हें ध्यानांत असूं द्यावें.

पालकांस विनंति अशी. हवा दर पंधरवड्यास टायर थंड असतांना तपासावी. दोनच टायर नवे घेणें शक्य असेल तर ते मागील चाकांस लावावे; मागची बाजू घसरूं लागली म्हणजे गाडी सांवरणें फार कठीण जातें. घाट उतरतांना गाडी न्यूट्रलमध्यें कधींही सोडूं नये. खालच्या गिअरमध्यें ठेवावी, म्हणजे यंत्रच वेग आंवरतें व ब्रेक तापत नाहींत. वळणापूर्वींच वेग कमी करावा. भाताच्या चिखलणीच्या दिवसांत शेतांतून येणारे ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल सांडतात, तेथें विशेष जपावें. गाडी पाण्यावर तरंगूं लागली तर ब्रेकवर पाय आदळूं नये. पाय हलकेच वर घ्यावा, चक्र सरळ धरावें, व चाकें पुन्हां रस्त्यास लागेपर्यंत धीर धरावा.

मॉन्ट्रियलच्या त्या विद्यार्थ्यास मीं उत्तर पाठविलें आहे. त्यांत लिहिलें कीं, ‘बाळ, तुझी गाडी लोणावळ्यास असती तरी जूनमध्यें तुला ती हळूच चालवावी लागली असती. सुटींत येशील तेव्हां एक आगकाडी घेऊन ये. माझे टायर तूंच मोजून पाहा.’