केस गळतात तेव्हा आधी कॅलेंडर बघा

केस गळतायत असं बाईनं घरात म्हटलं की उत्तर तयारच असतं: तेल लावत नाहीस, सारखी डोक्यावरून नाहतेस, टेन्शन घेतेस. दुखणं तिचं आणि दोषही तिचाच. मला हे फार खुपतं, कारण खरं कारण बहुतेक वेळा तेलाच्या बाटलीत नसतंच. ते दोन-तीन महिन्यांपूर्वी शरीरावर काय गुजरलं त्यात असतं.

डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात आणि त्यातले 50 ते 100 रोज गळतात. एकेक केस काही वर्षं वाढतो, मग सुमारे 3 महिने वाढ थांबवून नुसता मुळाशी टिकून राहतो आणि गळतो. डेंगी, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा उपासमारीचं डाएट यांचा धक्का बसला की पुष्कळ केस एकदमच वाढायचे थांबतात आणि पुढे एकदमच गळतात. ताप येतो ऑगस्टात, केसांचे पुंजके हातात येतात दिवाळीच्या सुमारास. तोवर ताप विसरलेला असतो आणि खापर फुटतं नव्या शाम्पूवर. ही गळती सहसा सहा महिन्यांत ओसरते. मुळं शाबूत असतात, केस परत येतात.

बाळंतपणानंतरही हेच घडतं. ‘बाळ अंगावर पितंय म्हणून केस जातायत’ हे ऐकून कुणी दूध तोडू नये. गरोदरपणात वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे जे केस गळायचे थांबलेले असतात, ते बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी एकदम गळू लागतात. वरचं दूध पिणाऱ्या बाळांच्या आयांचेही गळतात.

तेलाबद्दल सांगायचं तर खोबरेल केसाला तुटण्यापासून वाचवतं, हे खरं. मुळातून नवा केस उगवणं मात्र त्याच्या हाती नाही. तेल आवडतं तर जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नका.

तपासणीत ‘हिमोग्लोबिन नॉर्मल आहे, काळजी नको’ इथेच अनेकजणी थांबतात. शरीरातला लोहाचा साठा हिमोग्लोबिन उतरण्याच्या आधीच रिकामा होत जातो आणि तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर ती अवश्य करावी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला होता, तेव्हा लोह कमी असल्याची शंका मुळीच अवाजवी नाही. सोबत थायरॉइडही तपासावं. मात्र ‘केसांसाठी’ म्हणून बायोटिनच्या जास्त डोसच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी नुकसान तर होत नाही ना, असं अनेकींना वाटतं. होतं. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तरी केस गळतात. जानेवारी 2025 मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावोगावी माणसांना काही दिवसांत टक्कल पडलं. आधी संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम बेसुमार आढळलं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. केसांसाठीच्या काही गोळ्यांमध्येही सेलेनियम असतं. तपासल्याशिवाय दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र घेऊ नका.

टक्कल पुरुषांनाच पडतं, हाही गैरसमजच. बायकांमध्ये कपाळावरची रेषा बहुधा टिकते, पण भांग रुंदावत जातो. सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. भांग रुंदावण्याच्या या प्रकारात मिनॉक्सिडिल हे औषध अनेकींना उपयोगी पडतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती उलट वाढू शकते आणि बऱ्याचजणी घाबरून तिथेच सोडून देतात. फरक दिसायला किमान चार ते सहा महिने लागतात आणि औषध बंद केलं की फायदाही जातो. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना ते वापरू नये.

चाई पडते ती किड्यानं केस खाल्ल्यामुळे नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. तिथे लसूण चोळून कातडी भाजून घेण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. चाई शिवून पसरत नाही, तेव्हा अशा मुलीची फणी वेगळी ठेवायचं काहीच कारण नाही.

उपचारांना वेळ लागतो, तोवर चारचौघांत वावरायचं असतंच. भांग बदलणं, केस आखूड करणं, विरळ जागी हेअर फायबर लावणं, विग वापरणं यात लपवाछपवी किंवा नखरे काही नाहीत. घट्ट अंबाडा आणि ताणून घातलेल्या वेण्या मात्र टाळाव्यात, रोजच्या ओढीनं कपाळाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात. केसांमुळे लग्नाकार्याला जाणं थांबलं असेल, झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना तितक्याच स्पष्टपणे सांगावं.

डॉक्टरांकडे जाताना मागच्या सहा महिन्यांतले ताप, औषधं, बाळंतपण, वजनातला फरक आणि पाळीच्या तारखा लिहून न्या. डोक्याची त्वचा दुखत असेल, तिची आग होत असेल किंवा टक्कल पडलेली जागा गुळगुळीत, चकचकीत दिसत असेल, तर थांबू नका. अशा काही आजारांत मुळांच्या जागी व्रण होतो आणि तिथे पुन्हा केस येत नाहीत, म्हणून त्याच आठवड्यात दाखवा.