जुन्या ट्रॅक्टरचे वंगण तेल व तेलाचा फिल्टर

पंधरा-वीस वर्षे वापरात असलेला ट्रॅक्टर आजही अनेक शेतकऱ्यांच्या घरी नांगरट, पेरणी व मळणी ही सर्व कामे उत्तम प्रकारे करीत असतो. अशा यंत्राचे उरलेले आयुष्य बव्हंशी दोन किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंवर अवलंबून असते : एंजिनातील वंगण तेल आणि ते गाळणारा फिल्टर. ऐन हंगामात एंजिन जाम झाल्यास क्रँक घासून घेणे, बेअरिंग व लायनर बदलणे यांचा खर्च तर येतोच. शिवाय वाफसा काही आपल्यासाठी थांबत नाही. ही हानी टाळणे बहुतेक वेळा शेतकऱ्याच्याच हाती असते.

तेलाच्या डब्यावर 'एसएई १५डब्ल्यू-४०' असे आकडे छापलेले असतात. ते तेलाचा दाटपणा दर्शवितात. 'डब्ल्यू' हे हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते हे सांगतो. आकडा जितका लहान तितके तेल थंडीत अधिक वाहते. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअस उष्णतेला तेल किती दाट राहते हे सांगतो. नुसते 'एसएई ४०' असे लिहिलेले तेल तापल्यावर १५डब्ल्यू-४० इतकेच दाट असते. परंतु पहाटेच्या गारठ्यात ते फार जड होते. निफाडसारख्या भागात थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांच्याही खाली उतरतो. तेथे हा फरक पहिल्याच सेल्फला जाणवतो. दोन आकड्यांचे तेल किंचित महाग पडले तरी तेच घेणे हिताचे.

एंजिन जुने झाले, तेल खाऊ लागले, म्हणजे "आता जाड तेल टाका" असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. त्यात तथ्य आहे, पण थोडेच. उन्हाळ्यासाठी ३० ऐवजी ४० क्रमांकाचे तेल चालेल, असे माहितीपुस्तिकेत लिहिले असेल तर ते अवश्य वापरावे. त्याही पुढे जाऊन ५० क्रमांकाचे तेल भरल्यास धूर काही दिवस कमी दिसेल. मात्र एंजिन सुरू होताना जाड तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते, आणि एंजिनाची बरीचशी झीज याच क्षणांत होते. निळसर धूर हे रिंगा किंवा व्हॉल्व्ह-गाईड झिजल्याचे लक्षण आहे. त्यावर दुरुस्ती हाच उपाय; तेल नव्हे.

डब्यावर दुसरी खूण 'एपीआय' या अक्षरांपुढे असते. तेथे 'सी' ने सुरू होणारी प्रत डिझेल एंजिनासाठी, तर 'एस' ने सुरू होणारी पेट्रोल एंजिनासाठी असते. घरात मोटारसायकलचे तेल उरले आहे म्हणून ते ट्रॅक्टरमध्ये ओतू नये. डिझेल एंजिनात काजळी फार होते व ती तरंगत ठेवणारी द्रव्ये डिझेलच्या तेलात मिसळलेली असतात. सीएफ-४ ही प्रत १९९० मधील, सीएच-४ ही १९९८ मधील आणि सीआय-४ ही २००२ मधील होय. पुस्तिकेत जुनी प्रत सांगितली असून ती बाजारात मिळत नसेल, तर त्याच दाटपणाची, सी-मालिकेतील पुढची प्रत सामान्यतः चालते.

नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडले म्हणून विक्रेत्याला दोष देणारे शेतकरी भेटतात. वस्तुतः काजळी एंजिनाला चिकटू न देता तेल ती स्वतःत धरून ठेवते, म्हणून ते काळे होते. भीती बाळगावी ती दुधाळ तेलाची : त्यात पाणी शिरलेले असते. तसेच पट्टीवरील पातळी आपोआप वाढल्यास तेलात डिझेल किंवा पाणी उतरत आहे असे समजावे. या दोन्ही प्रसंगी ट्रॅक्टर उभा करून मिस्त्रीस बोलवावे.

आता फिल्टरविषयी. चांगले तेल आणि जुनाच फिल्टर ही जोडी म्हणजे स्वच्छ पाणी गढूळ हंड्यात भरणे होय. कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुऊन पुन्हा बसविण्याची पद्धत सर्वस्वी चुकीची आहे. कागदाच्या छिद्रांत रुतलेली बारीक घाण धुण्याने निघत नाही. उलट कागद फाटण्याचा संभव असतो. फिल्टर पूर्ण तुंबला तरी एंजिन लगेच बंद पडत नाही, कारण तेल अडू नये म्हणून बाजूने एक झडप उघडते. त्या वाटेने न गाळलेले तेल थेट बेअरिंगकडे जाते. ट्रॅक्टर चालू असतो, म्हणून मालक निश्चिंत असतो, आणि आत झीज सुरू असते.

नवा फिल्टर केवळ आटे जुळतात म्हणून घेऊ नये. रबरी कड्याचा व्यास व आतील झडप हीही त्या एंजिनाचीच असावी लागतात. यास्तव पुस्तिकेतील सुट्या भागाचा क्रमांक दाखवूनच खरेदी करावी, व पावती घ्यावी. बसविताना जुने कडे एंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे; दोन कडी एकावर एक बसली तर सारे तेल बाहेर फेकले जाते. नव्या कड्याला तेलाचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा, पान्याने नव्हे. नंतर एंजिन मंद चालवून तेलाचा दाब व गळती पाहावी. ते बंद करून काही मिनिटांनी पट्टी पुन्हा तपासावी.

अनेक ट्रॅक्टरांना दर २५० तासांनी तेल व फिल्टर बदलण्यास सांगितलेले असते. आपल्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. तासमापक बंद असल्यास कामाचे तास वहीत लिहावे. मळणीच्या वा रोटाव्हेटरच्या धुळीत ट्रॅक्टर राबत असेल, तर मुदतीच्या आधीच बदल करावा. जुना ट्रॅक्टर नुकताच विकत घेतला असून आधीच्या मालकाने कोणते तेल वापरले ते ठाऊक नसेल, तर पहिला फिल्टर ५० तासांतच बदलावा, कारण चांगले तेल जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणते.

काढलेले तेल जनावरांच्या खरजेवर लावण्याची चाल काही गावांत आहे. ती बंद व्हावी. त्यातील काजळी व धातूंचे कण कातडीतून व चाटण्यातून जनावराच्या अंगात जातात. हे तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते बांधावर किंवा विहिरीजवळ न ओतता झाकणाच्या डब्यात साठवून, अधिकृत पुनःशुद्धीकरणासाठी तेल गोळा करणाऱ्या सर्व्हिस केंद्रात द्यावे.