मधुमेहींच्या डोळ्यांतील सूज आणि इंजेक्शनचा उपचार

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाने ग्रासले होते. त्यांची दृष्टीही मंदावली होती. त्याच काळात त्यांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पूर्ण केला. आज आपल्यापैकी अनेक घरांत मधुमेहाने पाय रोवले आहेत. डॉक्टरांनी 'डोळ्यात इंजेक्शन' म्हणताच मनात भीती दाटते. ते इंजेक्शन नेमके काय करते, हे समजले तर ही भीती ओसरेल.

डोळ्याच्या आतील बाजूस दृष्टिपटल, म्हणजे बोलीभाषेतील 'पडदा' असतो. त्याच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूमुळे आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, चेहरे ओळखतो. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बल होतात. काही बंद पडतात. प्राणवायूची उणीव भासताच पडद्यात 'व्हीईजीएफ' नावाचे प्रथिन अधिक निर्माण होते. त्यामुळे वाहिन्या आणखी पाझरतात, पीतबिंदूत द्रव साचून सूज येते. अक्षरे पुसट होतात, सरळ रेषा वाकड्या दिसतात.

इंजेक्शनमधील औषध या प्रथिनाला निष्प्रभ करते. डोळा थेंबांनी बधिर करून, जंतुनाशकाने स्वच्छ करून, पांढऱ्या भागातून बारीक सुईने साधारण ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब औषध आत सोडतात. पाझर थांबतो, साचलेला द्रव हळूहळू शोषला जातो. ओसीटी तपासणीत पडद्याची जाडी कमी झालेली दिसते.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते. गळती बंद केली की भिंत वाळते. पण गळून पडलेला गिलावा आपोआप परत येत नाही. तसेच येथे आहे. सूज उतरते, परंतु मृत झालेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. म्हणून उशीर करू नये.

औषधाचा प्रभाव काही आठवडेच टिकतो. त्यामुळे प्रारंभी बहुधा दरमहा इंजेक्शन घ्यावे लागते. पुढे अंतर वाढविता येते. एक-दोन इंजेक्शनांनंतर 'गुण आला नाही' म्हणून उपचार सोडणे ही मोठी चूक होय. बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही यातील प्रमुख औषधे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन तुलनात्मक अभ्यासात, दृष्टी थोडीच घटलेल्या रुग्णांना तिन्हींचा लाभ जवळपास सारखाच झाला. दृष्टी अधिक घटलेल्यांना वर्षअखेर अफ्लिबरसेप्टचा लाभ अधिक दिसला. बेव्हासिझुमॅब तुलनेने स्वस्त असल्याने, खर्चाची अडचण डॉक्टरांना निःसंकोच सांगावी.

इंजेक्शननंतर डोळ्यावर लाल डाग दिसल्यास घाबरू नये. तो आपोआप जातो. मात्र वेदना व लाली वाढत गेली, दृष्टी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. जंतुसंसर्ग विरळा, पण घातक असतो.

साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवणे हा मूळ उपचार. सुरुवातीला या विकारात काहीच जाणवत नाही. म्हणून प्रत्येक मधुमेहीने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. ज्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला अक्षरओळख घडविली, त्यांची अक्षरे पुसट होऊ न देणे हे आपले कर्तव्य आहे.