चंदा कोणाचा, हे मतदाराला कळायला नको का?

मोहल्ल्यात मशिदीसाठी चंदा गोळा झाला की पावती फाडली जाते, हिशोब सगळ्यांसमोर मांडला जातो. मग जो पक्ष आपल्यावर राज्य करणार, त्याला चंदा कोणी दिला हे विचारलं तर बिघडलं कुठे?

प्रश्न जुना आहे. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमावलीत बदल करायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली आणि मामला मुंबई हायकोर्टात गेला. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी बदलाला मंजुरी दिली. पण संसदेला सावधही केलं, की हा धोका वाढत गेला तर शेवटी लोकशाहीचाच गळा घोटला जाईल.

पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. पैसा काही थांबला नाही, तो चोरवाटेने जाऊ लागला. १९८५ मध्ये बंदी उठली, मात्र देणगीला नफ्याच्या प्रमाणात मर्यादा होती. २०१७ मध्ये तीही काढली. २०१८ पासून इलेक्टोरल बाँड आले. स्टेट बँकेतून १ हजार ते १ कोटी रुपयांचा बाँड घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा. देणाऱ्याचं नाव मतदाराला कळत नव्हतं.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ही योजना एकमताने रद्द केली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणणं मतदाराचा हक्क आहे, असं कोर्टाने मानलं. मग नावं बाहेर आली. सर्वात मोठी खरेदीदार लॉटरीचा धंदा करणारी फ्यूचर गेमिंग निघाली, १,३६८ कोटी. दुसरी सरकारी कामांचे ठेके घेणारी मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. सर्वाधिक पैसा भाजपला गेला, पण तृणमूल, काँग्रेस आणि इतर पक्षांनीही बाँड वटवले.

प्रत्येक देणगीमागे सौदाच असतो असं नाही. पण ज्याचा धंदा टेंडर, परवाना किंवा कराच्या दरावर चालतो, त्याला मंत्र्याचा दरवाजा उघडा हवा असतो. कापसाला भाव मागणाऱ्या आपल्या जिंतूरच्या शेतकऱ्याकडे मात्र एक मत तेवढं असतं.

दुसरी पळवाटही समजून घ्या. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही.

मग आपण काय करायचं? निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्यासाठी परभणीच्या कलेक्टर ऑफिसात, द्यावा लागतो. ठरलेली फी भरून तो कोणालाही पाहता येतो. २० हजारांवरच्या देणग्यांची यादी पक्ष निवडणूक आयोगाला देतात, ती आयोगाच्या वेबसाइटवर मिळते. शिकलेल्या मुलामुलींनी ती उघडून घरच्यांना वाचून दाखवावी. मत ही अमानत आहे. ती कोणाच्या हवाली करतोय, आणि त्याचा खर्च कोण उचलतोय, एवढं तरी माहीत असावं.