तारखेच्या अलीकडचे, पलीकडचे

करकंबच्या पारावर नागरिकत्वाच्या कायद्यावर फारसं कुणी बोलत नाही; पण सरकारी तारीख म्हणजे काय, हे इथल्या माणसाला शिकवायला नको. ओबीसीचा दाखला हवा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. आजोबा शाळेतच गेलेले नसतात. मग पंढरपूरच्या तहसीलला हेलपाटे, गाव नमुना १४ ची नक्कल, ती मोडीत निघाली तर मोडी वाचणाऱ्याचा शोध. माणूस पिढ्यान्‌पिढ्या गावातला, हे अख्खं गाव सांगतं. कागद सांगत नाही.

देशाच्या नागरिकत्वाचं भांडणही पहिल्यापासून असंच तारखेवर अडलेलं आहे. पहिली तारीख १९ जुलै १९४८. त्याआधी पाकिस्तानातून येऊन इथे राहिलेला निर्वासित राज्यघटनेच्या सहाव्या कलमानुसार नागरिक ठरला; नंतर आलेल्याला अर्ज आणि नोंदणी करावी लागली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेले, पुढे उल्हासनगरकर झालेले सिंधी निर्वासित याच हिशेबातले.

ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत या कलमांवर चर्चा झाली, तेव्हा दोन मराठी माणसं समोरासमोर होती. एखादा अपवाद सोडला तर दुसऱ्या कुठल्याच कलमाने मसुदा समितीचं डोकं इतकं उठवलं नाही, अशी कबुली बाबासाहेब आंबेडकरांनी १० ऑगस्टला दिली. दुसरे होते अमरावतीचे पंजाबराव देशमुख, पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले. या मसुद्याने भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यांत स्वस्त होईल, अशी त्यांची तक्रार होती. मात्र दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला कुठलाही हिंदू किंवा शीख, तो कुठेही राहत असो, भारताच्या नागरिकत्वाला हक्कदार असावा, अशीही त्यांची सूचना होती. म्हणजे एका हाताने दार ओढून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने काहींसाठी सताड उघडायचं. ती सूचना फेटाळली गेली. तिला निव्वळ धर्मांधता म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. पण धर्माचं नाव कलमात न घालण्याचा सभेचा निर्णय अधिक शहाणपणाचा होता, असं माझं मत आहे.

सत्तर वर्षांनी तोच प्रश्न संसदेत परत आला. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा स्थलांतरित या व्याख्येतून वगळलं आणि अकरा वर्षांच्या वास्तव्याची अट पाचवर आणली. छळाने पळालेल्यांना आसरा दिला, असं सरकार पक्ष म्हणाला. मुसलमानांना वगळल्याने चौदाव्या कलमातली समानता मोडली, असं विरोधक. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. महाराष्ट्राचा तमाशा वेगळाच. लोकसभेत विधेयक ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झालं, त्यात शिवसेनेची मतं बाजूने होती. दोनच दिवसांत, ११ डिसेंबरला, राज्यसभेत तोच पक्ष मतदान न करता बाहेर पडला. मुंबईत काँग्रेस आणि राष्ट्रवादीला सोबत घेऊन सरकार येऊन पंधरवडाही झाला नव्हता.

नियम यायला ११ मार्च २०२४ उजाडला. खरी गंमत, आणि खरं राजकारणही, या नियमांत आहे. याआधी, २०१६ पासून, मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अशा अर्जांचे अधिकार होते. नव्या नियमांत जिल्हा समितीचं अध्यक्षपद गेलं टपाल अधीक्षकाकडे. वरची समिती जनगणना संचालकाची. दोन्ही खाती केंद्राची, त्यामुळे राज्याने विरोध केला तरी फाईल अडत नाही. अर्जदाराने मूळ देश सिद्ध करायला तिथला पासपोर्ट, शाळेचा दाखला किंवा जमिनीचा उतारा द्यायचा. कधी आलो हे दाखवायला रेशनकार्ड, विजेचं बिल असलं काहीतरी. धर्माचा दाखला स्थानिक मान्यवर संस्थेने द्यायचा. पहिली चौदा प्रमाणपत्रं १५ मे २०२४ ला दिल्लीत वाटली गेली.

तारीख मात्र कायद्यात पक्की आहे. ३१ डिसेंबर २०१४ ला वाघा ओलांडलेल्या सिंधी कुटुंबाला पाच वर्षं पुरतात. त्याच गावचं, त्याच देवाला मानणारं शेजारचं कुटुंब दुसऱ्या दिवशी सकाळी आलं असेल, तर त्याला जुनीच अकरा वर्षांची वाट. आणि व्हिसा नसेल तर तीही बंद.